अंबाडीचा बोळा

ठासणीची बंदूक भरताना घाई चालत नाही आणि दुसऱ्याचा हात चालत नाही. आमच्या घरी ती बाप भरायचा. बापाचा हात थरथरायला लागला तसं ते काम माझ्याकडे आलं आणि पुढं परवानाही माझ्याच नावावर झाला. आमच्या भागात तिला भरमार म्हणतात. तिला काडतूस लागत नाही. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, तिच्यावर बोळा घालायचा, गजानं ठासायचा आणि बार काढायच्या वेळी मागं कानावर टोपी चढवायची. कान म्हणजे नळीच्या बुडाशी आटे पाडून बसवलेला बोटाच्या पेराएवढा तुकडा. घोडा टोपीवर पडला की ठिणगी कानाच्या भोकातून आत जाते. यंत्र एवढंच आहे, पण भरणारा कसा आहे ते आवाजात कळतं.

मी शाळेत फार गेलो नाही. लिहिताना मास्तरची भाषा येते, बोलताना घरची. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं असं मी म्हणणार नाही. मला जमतं तसंच लिहितो.

आमचं शेत झरीच्या अंगाला, जंगलाला लागून. कापूस आणि तूर. तुरीला शेंग धरली की रानडुकरं येतात, आणि खातात त्यापेक्षा लोळून जास्त मोडतात. त्यांना हाकलायला ही बंदूक. परवाना पीक राखायचा आहे, शिकारीचा नाही, म्हणून छर्रा मी घालत नाही. नुसती दारू आणि बोळा. आवाज असा निघाला पाहिजे की कळपातल्या म्हाताऱ्या डुकरानंही पुढच्या वर्षी वाट बदलावी. लोकांना वाटतं दारू जास्त घातली की आवाज मोठा. येडे आहेत. दारू जास्त घालणाऱ्याचा अंगठा जातो. आवाज बोळ्यातून निघतो. बोळा घट्ट पाहिजे. दारूला पळायला जागा मिळाली नाही म्हणजे ती ओरडते.

माझा बोळा अंबाडीचा. बांधावर अंबाडी असतेच. पानं भाजीला, बोंडं चटणीला, आणि काड्या नाल्यात कुजवून सोललेला वाक माझा. तो वाक कुटून मऊ करायचा, तळहातावर वळून गोळी करायची, वरून मधाचं मेण चोळायचं. नळीच्या तोंडाशी धरली तर ती गोळी आत जायला नाही म्हणाली पाहिजे. मग गजानं तिची समजूत घालायची. सहज आत जाणारा बोळा मी फेकून देतो.

नाल्यापलीकडं बंजाऱ्यांचा तांडा आहे. तिथला नायक, म्हणजे तांड्याचा मुखिया, माझ्याच वयाचा, आणि त्याच्याकडेही अशीच परवान्याची बंदूक. आमची शेतं समोरासमोर. त्याचे बापजादे बैलांवर मीठ अन् धान्य लादून मुलूख हिंडले, माणूस हुशार आहे, ट्रॅक्टर आपल्या हातानं खोलतो अन् जोडतो, पण बंदूक भरायचं त्याला काही कळत नाही. तो जुन्या पेपराचा बोळा घालतो. या एका गोष्टीवर आमची उमर गेली.

"काल तुया बार आयकला," मी म्हणायचो. "मले वाटलं तुया बैलाचं पोट बिघडलं."

"माया डुक्कर पयते नं? मंग झालं. तुया बार डुकरासाठी थोडीच असते, तो गावाले आयकवासाठी असते."

"पेपर कोरा असला तं एक गोष्ट. तू तं बातम्या घालतं त्याच्यात. अर्धी दारू वाचतच बसते."

"तुयी अंबाडी एक दिवस नळीतच संसार थाटन, पाहून घेजो भिया," तो म्हणायचा. भिया म्हणजे त्यांच्या बोलीत भाऊ. रागात असला तरी तो मला भियाच म्हणतो.

बापाची एक रीत मी मोडली नाही. दसऱ्याला बंदूक पुसायची, नवा बार भरायचा, झेंडूची माळ घालून सोनं वाहायचं आणि स्वयंपाकघरात चुलीवरच्या भिंतीला दोन खुंट्यांवर आडवी टांगायची. टोपी चढवायची नाही. टोप्यांची डबी माझ्या खिशात. चुलीवरच काहून, तर ती भिंत बारा महिने उबदार राहते आणि दारू सर्दत नाही. तूर शेंगेवर येईस्तोवर दसऱ्याचा बार तसाच टांगलेला, आणि पहिल्या डुकराला तोच.

यंदा घरात गॅस आला. म्हातारीला, म्हणजे माझ्या बायकोला, धुरानं खोकला यायचा म्हणून पोरानं सिलेंडर बसवला आणि चूल मागच्या अंगणात नेली, आंघोळीच्या पाण्यापुरती. बंदूक तिच्या खुंट्यांवर जशीच्या तशी. त्यात दसरा झाल्यावर पाऊस परत आला. भिंत थंड पडली, तिनं ओल धरली आणि बंदुकीच्या पोटातली दारू सर्दून गेली. दोष गॅसचा. म्हातारी म्हणते माझा. तिच्या म्हणण्याला मी किंमत देत नाही, पण जेवतो तिच्याच हातचं, म्हणून जास्त बोलत नाही.

तेवढ्यात जिल्हा परिषदेची निवडणूक लागली. निवडणूक आली की परवान्याच्या साऱ्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात, निकाल लागेपर्यंत. नोटीस आली होती. नायकानं आपली लगेच नेऊन दिली. मी थांबलो. तूर ऐन शेंगेवर, शेताच्या धुऱ्यावर खुरांचे ठसे, आणि डुक्कर काही आचारसंहिता पाळत नाही.

मग ठाण्यातल्या जमादाराचा फोन आला. माणूस चांगला, माझ्या सासुरवाडीकडचा.

"काका, उद्या शेवटचा दिवस हाय. सांजच्यापर्यंत बंदूक नाई आली तं माया हातात काई राहत नाई. साहेब परवाना रद्द करासाठी वर लिहून राह्यले."

"आनतो म्हनलं ना."

"मागच्या बारीले तुमच्याच अंगाच्या एकाचा गेला. तो अजून चपला घासून राह्यला."

"त्याले म्हना चपला चांगल्या घे. उद्या आनतो."

"अन रिकामी आना. भरलेली मी हातात घेत नाई. गज टाकून पाह्यतो मी."

परवाना गेला की गेला. आता नवा सहजी कोणाला मिळत नाही, आणि परवाना नसलेली बंदूक घरात ठेवता येत नाही. बापानं दिलेली वस्तू सरकारजमा होऊन कुठल्यातरी कोठडीत गंजली असती. आणि झरीपासून तांड्यापर्यंत लोक म्हणाले असते, बुढ्याले जमलं नाई. यातलं दुसरं मला जास्त टोचत होतं.

भरमार रिकामी करायचा सरळ रस्ता एकच, बार काढायचा. सकाळी मी बंदूक घेऊन शेतात गेलो, मागून म्हातारी शेंगा तोडायला. पडीक तुकड्यात मातीचा उंच ढीग आहे, तिकडं नळी रोखली, टोपी चढवली, घोडा पाडला. टोपी फुटली आणि बस. आतून काही उत्तर नाही.

फुसका झालेला बार मेला असं कधी धरायचं नाही. कधी कधी दारू आत धुमसत राहते आणि माणसानं नळीत डोकावलं की जागी होते. म्हणून मी नळी ढिगाकडंच रोखून उभा राहिलो. बराच वेळ.

"अवो," म्हातारी तुरीतून ओरडली, "मूर्ती झाली का तुमची?"

"मागं सरक वं. बार फुसका झाला."

"मंग ठेवा ना खाली."

"भाकर फुगाच्या आधी उलटते का तू?"

"मी तं आता गॅसवर करतो. लवकर फुगते."

मी तिकडं लक्ष दिलं नाही. दुसरी टोपी चढवली, तीही नुसतीच फुटली. मग तिसरी. टोप्या मिळत नाहीत आजकाल, यवतमाळला जाऊनही दुकानदार तोंड वाकडं करतो. डबी खिशात टाकली. दारूचा चिखल झाला होता, त्याच्यावर कितीही टोप्या फोडल्या तरी काय.

दुसरा रस्ता उलटा. कान खोलायचा, भोकातून पाणी घालून दारू पुरती मारायची, आणि गजाच्या टोकाला पेच लावून बोळा बाटलीच्या बुचासारखा ओढून काढायचा. पाणी घातलं. काळं पाणी परत बाहेर आलं. आता धोका राहिला नव्हता, कष्ट तेवढे राहिले होते. मी पेच बोळ्यात फिरवला आणि ओढला. हातात आला अंबाडीचा एक केस. परत फिरवला, परत ओढला. परत केस. मेण लावलेला, कुटलेला, माझ्या हातचा बोळा. त्यानं पावसात फुगून नळी अशी धरली होती की दोन पायांत बंदूक दाबून मी मागं कोसळलो, पण तो हलला नाही. खोटं काहून सांगू, कंबर दुखली तरी बरंही वाटलं. असा बोळा दुसरा कोणी घालून दाखवावा.

"लोहाराच्या भट्टीत घाला," म्हातारी जवळ येऊन म्हणाली. "तापली की जयून जाईल आतलं."

"बंदूक तापवनाऱ्याचं तेरवीचं जेवन जेवलेलो हाय मी."

"मंग जमादाराले सांगा, अडकली म्हना."

"मी सांगू? अडकली म्हनून?"

"नाई तं काय मी सांगू?" तिनं ओटीतल्या शेंगा सावरल्या. "परवाना गेला तं मग डुकराले हाकलाले तुमीच उभे राहा धुऱ्यावर. आवाज बरा हाय तुमचा."

ऊन डोक्यावर आलं होतं. मी बंदूक खांद्यावर टाकली आणि नाला ओलांडला. नायकाकडं मदत मागायला गेलो असं कोणी समजू नये. त्याच्याकडं मोठा पक्कड-पाना असतो, तो पाहायला गेलो.

नायक लिंबाखाली ट्रॅक्टरला ग्रीस भरत होता. मला पाहिलं, खांद्यावरची बंदूक पाहिली, आणि काही न विचारता खो खो हसायला लागला.

"थाटला का संसार?"

"सर्दली दारू. बोळ्याचा काई संबंध नाई."

"पेपर असता तं आतापर्यंत कव्हाच निघाला असता."

"पेपर असता तं दसऱ्यालेच गयून पडला असता."

तो हसत हसत ग्रीसची पिचकारी दाबत होता. हाताची पिचकारी, ट्रॅक्टरवाल्या प्रत्येक घरात असते. पुढच्या चाकाच्या सांध्यात आट्यांनी बसवलेल्या एका बारक्या निपलातून तो ग्रीस घुसवत होता, आणि सांध्याच्या दुसऱ्या तोंडातून जुनं, घट्ट, काळं ग्रीस मातीसकट बाहेर येत होतं. हळूहळू, पण थांबत नव्हतं. मी त्याच्या हाताकडं पाहिलं, सांध्याकडं पाहिलं आणि माझ्या बंदुकीच्या उघड्या भोकाकडं पाहिलं. बोळा पुढून ओढून निघत नव्हता. मागून ढकलला तर?

"ते निपल असंच दुसरं हाय का तुयाजवळ?" मी विचारलं.

नायकाला कळायला वेळ लागला नाही. म्हणूनच तो माझा दोस्त आहे. त्यानं पिचकारी पाठीमागं धरली.

"हाय ना. डबाभर हायेत. पन आधी एक बोल. म्हन, अंबाडीपेक्षा पेपर बरा."

"दे इकडं."

"एवढं एकच म्हन. इथं कोनी नाई. मी बी कोनाले सांगत नाई."

"तू संध्याकाळलोक साऱ्या तांड्याले सांगशीन."

"अरे भिया, परवाना जाऊन राह्यला तुया! एका शब्दाचं काम हाय. ऊन पाह्य कुठं गेलं!"

खरं होतं. ठाणं गाडीवर अर्ध्या-पाऊण तासावर, आणि आधी नळी धुवायची होती. तो म्हणाला तो शब्द फार मोठा नव्हता. पण मी आयुष्यभर अंबाडी ठासली, बापानं ठासली, आणि त्या शब्दानं निघालेला बोळा मला परत नळीत घालता आला नसता. मी बंदूक उचलली, खांद्यावर टाकली आणि नाल्याच्या वाटेला लागलो. वळून पाहिलं नाही. मनात म्हटलं, जाऊ दे परवाना. आणि ते मी खरंच म्हटलं होतं.

नाल्यात उतरलो तोवर मागून चपला वाजल्या.

"थांब ना गा बुढ्या! तुयासारखा हेकड मी जंगलात बी नाई पाह्यला." त्याच्या एका हातात पिचकारी, दुसऱ्या हातात निपलांचा डबा, आणि दम लागलेला. "माया पेपर बरा हाय, हे मीच म्हनतो. झालं? बस खाली."

"तू म्हन. तुले कोन अडवलं?"

आम्ही नाल्यातल्या खडकावर बसलो. डब्यातलं एकेक निपल मी कानाच्या आट्यात लावून पाहिलं. बाकीची बसेनात, एक तेवढं थोडं सैल पडत होतं. त्याला बंदूक पुसायच्या फडक्यातला दोरा गुंडाळून फिरवलं, तेव्हा ते बसलं. नायकानं पिचकारी लावली आणि दाबायला सुरुवात केली. आधी सोपं गेलं, मग दांडा कडक झाला, मग असा कडक की त्यानं दोन्ही हात लावले.

"नयी फुटन गा."

"बारानं नाई फुटली, तुया ग्रीसनं फुटते का? दाब."

"तूच दाब."

मी दाबलं. माझ्या कपाळाची शीर उभी राहिली. बोळा जागचा हलेना. आम्ही आळीपाळीनं दाबत होतो आणि एकमेकांच्या खानदानाबद्दल बोलत होतो, ते इथं लिहीत नाही. मग एकदम दांडा थोडा खाली गेला. परत दाबला, परत गेला. नळीच्या तोंडाकडं नायकाचं लक्ष होतं. आधी काळं पाणी टपकलं, आणि मग कोंबडी अंडं घालते तसा बोळा हळूच बाहेर आला, थोडा थबकला आणि खडकावर पडला. मागून ग्रीसची जाड वळवटी.

मी तो उचलून धोतरानं पुसला. पेचानं एक बाजू विस्कटली होती, बाकी अख्खा. मेण अजून चमकत होतं. मी तो नायकाच्या नाकासमोर धरला.

"पाह्य. याले म्हनतात बोळा."

"बेशरम हायस तू," नायक म्हणाला, आणि खडकावर आडवा होऊन हसला.

तांड्यावर त्याच्या सुनेनं पाणी उकळून दिलं. नळीत उकळतं पाणी ओतलं, फडकं फिरवलं, परत ओतलं. ग्रीस एवढ्यानं सुटत नाही, पण ऊन उतरलं होतं. कान परत बसवला, बंदूक कापडात गुंडाळली आणि नायकाच्या गाडीवर मागं बसलो. खड्ड्यांच्या रस्त्यावर तो सांभाळून चालवत होता. मी त्याला सांभाळायला सांगत नव्हतो, बंदुकीलाच धरून बसलो होतो.

ठाण्यात जमादार टेबल आवरत होता. दोन-तीन उशिराचे लोक मागं उभे, आतल्या खोलीत साहेबाचा आवाज.

"आले का काका! मले वाटलं परवानाच आनून देता." त्यानं बंदूक घेतली, उभी धरली आणि नळीत गज सोडला. रिकाम्या नळीत गज बुडाला आदळला की लोखंडावर लोखंड वाजतं, ठण्ण. ठाण्यातल्या झाडूवाल्यालाही तो आवाज माहीत आहे. माझ्या बंदुकीतून आवाज आला, थप.

जमादारानं माझ्याकडं पाहिलं. गज उचलून परत सोडला. थप.

"भरेल हाय हे."

"नाई. ग्रीस हाय बुडाशी."

"बंदुकीत ग्रीस? काका, बंदूक हाय का बैलगाडी?"

मागचा एक जण हसला. जमादारानं आवाज खाली आणला. "मी घेऊ शकत नाई. उद्या काई झालं तं मायी नोकरी जाते. घेऊन जा, रिकामी करून आना. पन साहेब आता निंगून राह्यले, सांगून ठेवतो."

नायकानं तोंड उघडलं. मी त्याला हातानं थांबवलं. माझी बंदूक आहे, बोलणारही मीच.

"गज कायले पाह्यता?" मी म्हटलं. "मी दम मारतो. भरलेल्या नळीतून वारा जाते का? बोट ठेवा कानाच्या भोकावर."

"काका..."

"ठेवा म्हनलं बोट!"

माझा आवाज आतपर्यंत गेला असावा, कारण आतला साहेबाचा आवाज थांबला. जमादारानं भोकाशी बोट धरलं. मी नळीचं तोंड ओठांना लावलं. चव काळी, ग्रीसची अन् जळक्या दारूची. छाती भरून घेतली आणि फुंकलं. काही नाही. गालफडं दुखली. नायक माझ्या पाठीशी उभा होता. मी नाकानं परत हवा ओढली आणि अंगात होती तेवढी सगळी आत घातली.

कानातून फर्रकन आवाज झाला, आणि ग्रीसचा एक गोळा जमादाराच्या बोटावरून उडून त्याच्या बाहीला लागला. त्यामागून वारा आला. मी फुंकतच राहिलो, तो लागावा म्हणून.

"बस, बस! लागला वारा!" जमादारानं हात मागं घेतला. बाहीकडं पाहिलं. हसावं की चिडावं हे त्याला ठरवता येईना, म्हणून त्यानं पावतीपुस्तक ओढलं. "एवढ्या उमरीत एवढा दम हाय, तं बंदूक लागते कायले तुमाले?"

"डुकरं मले ओयखत नाई," मी म्हटलं.

त्यानं पावती फाडली आणि बंदुकीच्या दस्त्याला सुतळीनं चिठ्ठी बांधली. भिंतीशी बाकीच्या बंदुका ओळीनं उभ्या होत्या, त्यात नायकाची पण. मी सांगितलं, माझी उभी ठेवायची तर तोंड खाली करून ठेवा, ग्रीस कानात उतरू देऊ नका, आणि तिच्यावर कोणाची छत्री टांगू नका.

"काका, बंदूक जमा करून राह्यले का पोरगी नांदाले धाडून राह्यले?"

"लिहून झालं का तुमचं?"

झालं होतं. नायक दारातून म्हणाला, चाल आता, दिवस बुडून राह्यला. मागचे लोक पाय बदलत होते. मी चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि बोट ठेवून पावती वाचायला लागलो. माझं नाव, बापाचं नाव, गाव, तालुका. एकेक अक्षर. चष्म्याला ग्रीस लागलं होतं, त्यामुळं वेळ लागला. खाली लिहिलं होतं, ठासणीची बंदूक, एक नळी, रिकामी. ते वाचून झाल्यावर मी पावतीची घडी केली, टोप्यांच्या डबीत ठेवली आणि निघालो.